आधी पाठवणाऱ्याला विचारा

मलकापूरच्या स्टेशन रोडवर सरकी-पेंडीच्या दुकानांच्या ओळीत नामदेवराव इंगळे यांचं इंटरनेटचं दुकान होतं. आत एक संगणक, एक प्रिंटर, एक टेलिफोन, दोन स्टुलं आणि भिंतीत ठोकलेला एक मोठा खिळा. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. गिऱ्हाइकाचं काम संपलं की नामदेवराव ती तार संगणकापासून सोडवत, तिचं वेटोळं करत आणि खिळ्याला अडकवत. पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी हे चुकत नसे. त्याच्यासाठी तार पुन्हा खिळ्यावरून निघे, पुन्हा जोडली जाई.

"राहू द्या ना काकाजी जोडलेली," कोणीतरी कंटाळून म्हणे. "आता लगेच तर लागते."

"घरून निघतानी दार सताड उघडं टाकून निघता काय तुमी?" काकाजी विचारत. उत्तराची वाट न पाहता तार गुंडाळत.

गाव त्यांना काकाजी म्हणे. महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हा वरवट बकालच्या एका माळ्याच्या घरातला हा मुलगा टेलिफोन खात्यात लागला. घरचे वांगी-मिरचीच्या मळ्यात राबत होते आणि हा एक्स्चेंजमध्ये बोर्डापुढे बसून हाताने लाइनी जोडत होता. त्या काळात ऑपरेटरला कोणाचंही बोलणं ऐकू येई. मलकापूर कापसाचं गाव. मुंबईचा भाव आधी कळण्यासाठी लोक काहीही करायला तयार असत. एका अडत्याने त्यांना चहाला नेऊन गोडीगुलाबीने विचारलं होतं, समोरच्या पेढीवर आज काय बोलणं झालं. ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. त्या अडत्यानेच म्हातारपणी हसत सांगितली. काकाजींचं उत्तर होतं, "मी लाइन जोडतो शेठ. आयकाचं काम माह्याकडं नाई."

मी तेव्हा एका दैनिकाचा मलकापूरचा वार्ताहर होतो. बातम्या फॅक्सऐवजी ई-मेलने पाठवा, असा मुख्य कार्यालयाचा निरोप आला आणि रोज दुपारी काकाजींच्या दुकानात जाणं सुरू झालं. त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलं. जे समोर घडलं नाही, ते त्यांनी किंवा त्यांच्या पत्नीने सांगितलं.

संगणक त्यांच्या मुलाने घेऊन दिला होता. रवी त्याचं नाव. आयटीआयमधून वायरमनचं शिक्षण घेऊन तो आखातात एका बांधकाम कंपनीत गेला होता. वडील निवृत्त झाले तेव्हा सुट्टीवर आला, मुंबईहून संगणक आणला, अँटिव्हायरस घातला, वडिलांना शेजारी बसवून शिकवलं. परत जाताना त्याने काही नियम घालून दिले. दुसऱ्याची फ्लॉपी आत घालायची नाही. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. काम झालं की तार काढायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ई-मेलबरोबर एखादी फाईल जोडून आली, तर नाव ओळखीचं दिसलं म्हणून ती उघडायची नाही. व्हायरस ओळखीच्याच नावाने येतो. आधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं, ही तूच पाठवली का.

काकाजींनी तो नियम पेंटरकडून पाटीवर लिहून घेतला. "फाईल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा." पेंटरने सवयीने खाली "हुकमावरून" असं जोडलं होतं. तो शब्द काकाजींनी ब्लेडने खरवडून काढला. "हुकूम कायचा? पोराचं सांगणं हाय," म्हणाले.

दुकानात चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीने संगणक खराब होतो एवढंच त्याचं कारण होतं. पण गावात अशी समजूत पसरली, की व्हायरस पायांवाटे आत येतो. देऊळघाटचा एक शेतकरी पोरीचा निकाल पाहायला आला, तो हातपंपावर पाय धुऊनच. हातही धुतले होते. ओले हात पुढे करून म्हणाला, "पाहून घ्या काकाजी, नाईतं लागन काई रोग तुमच्या मशीनले." काकाजींनी त्याला टॉवेल दिला. तो गेल्यावर मी म्हटलं, त्याला खरं सांगायला हवं होतं. तर म्हणाले, "पाय धुतले तं बिघडलं काय त्याचं? पोरगी पास झाली."

फोटोचा प्रसंग तर पुष्कळांच्या लक्षात आहे. गावातल्या एका किराणावाल्याच्या मुलीला नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलाचा फोटो ई-मेलने येणार होता. मुलीचे वडील, काका, मामा आणि दोन शेजारी, असे सगळे दुकानात दाटीवाटीने उभे राहिले. ई-मेल आला. नाव मुलाच्या थोरल्या भावाचं, सोबत फाईल. काकाजींनी माऊसवरचा हात काढला, इंटरनेटची लाइन तोडली आणि टेलिफोन उचलला.

"काऊन हो?" काका म्हणाले. "नाव तं बराबर हाय."

"नाव बराबर हाय. माणूस हाय का नाई ते पाहू द्या."

"अहो, पाहुण्याले असं इचारलं तं त्याहीले काय वाटन! आमचा भरोसा नाई म्हणतील."

काकाजींनी नंबर फिरवला. पलीकडे मुलाचा भाऊच होता. तो म्हणाला, फोटो अजून स्टुडिओतून यायचाय, मी काहीच पाठवलेलं नाही. काकाजींनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि ती फाईल न उघडता काढून टाकली.

"मंग सोयरिक तुटली काय?" मामांनी हळूच विचारलं.

"सोयरिक जशीच्या तशी हाय. खोटा पाहुणा आल्ता, त्याले वाटंले लावून देल्लं."

ते लग्न झालं. काकाजींना मानाचं उपरणं मिळालं.

फ्लॉपीच्या बाबतीत मात्र ते हट्टी होते, आणि तो हट्ट नेहमी शहाणपणाचा होता असं म्हणता येणार नाही. आमच्या कार्यालयाने नवा मराठी फाँट फ्लॉपीवर पाठवला. काकाजींनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि दाराबाहेरच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मी कार्यालयातल्या संगणक विभागाशी फोनवर बोलणं करून दिलं. तिकडच्या तरुणाने शपथ घेतली, की फ्लॉपी तपासलेली आहे. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी पाठवतानी तपासली साहेब," ते म्हणाले, "रस्त्यात कुठी कुठी मुक्काम झाला, ते तुमाले तरी काय मालूम?" फाँट त्या संगणकात गेला नाही. कार्यालयाने जुना फाँट पुन्हा चालवून घेईपर्यंत, महिनाभर माझ्या बातम्या फॅक्सने जात होत्या.

एवढं काय सांभाळायचं होतं, असा प्रश्न पडेल. दुपारी गर्दी ओसरली की त्याचं उत्तर दुकानात येऊन बसत असे.

काकाजींच्या पत्नी इंदूबाई मागच्या गल्लीतून येत. दुसऱ्या स्टुलावर बसत. काकाजी रवीचं पत्र उघडत आणि वाचून दाखवत. रवी मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. ती इंदूबाईंना वाचता येत नसत. काकाजींनाही बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून प्रत्येक पत्र ते वेगळ्या फाईलमध्ये घालून अक्षर मोठं करत. फाईलला नाव देत ते मजकुरावरून. "पगार", "मलबारी मित्र", "दाढ". नवं पत्र आलं नसेल तेव्हा जुनं वाचलं जाई. इंदूबाई ऐकताना मधे मधे बोलत, जणू मुलगा समोर बसला आहे. "मंग तेल कायले टाकते बे तो त्यात," असं त्या संगणकाकडे पाहून म्हणत. खोलीतला मलबारी मित्र ठेच्यात खोबरेल घालतो, असं त्या पत्रात होतं.

एक पत्र काकाजींनी छापून दिलं होतं. इंदूबाईंनी ते कमरेच्या पिशवीत ठेवलं. घडी घालून, उघडून, घामाने, हात फिरवून कागदाचा चोथा झाला, शाई उडाली. तेव्हापासून काकाजींनी पत्र छापलं नाही. "मशीनमंधी हाय तेच बरं. तठी कोणाचा हात लागत नाई."

रवी तिकडे आखातातच वारला. पहाटे कामावर जाताना कंपनीची गाडी उलटली. बातमी एक्स्चेंजमधल्या जुन्या सहकाऱ्याने आधी काकाजींना सांगितली, मग मला कळली. मी चार ओळी लिहिल्या, "मलकापूरच्या अभियंत्याचा परदेशात अपघाती मृत्यू". काकाजींचं दुकान बंद होतं, म्हणून फॅक्सच्या दुकानात जात होतो. वाटेत त्यांच्या घरी थांबलो. ओसरीवर माणसं होती. काकाजींनी कागद मागितला, चष्मा लावून वाचला.

"इंजिनेर नव्हता तो," ते म्हणाले. "वायरमन होता. तसंच छापा."

तसंच छापलं.

महिनाभराने दुकान उघडलं. खिळा, तार, पाटी सगळं तसंच. इंदूबाई दुपारी येऊन बसू लागल्या. आता नवी पत्रं येणार नव्हती. जी होती तीच पुन्हा पुन्हा वाचली जात. त्यांचा मुलगा त्यांच्यासाठी जितका उरला होता, तितका त्या संगणकात होता.

त्यातली पत्रं सीडीवर उतरवून घ्यावीत असं मी सुचवलं. अकोल्याला एक जण ते काम करत असे. काकाजींनी मान हलवली. त्यासाठी संगणक तरी अकोल्याला न्यावा लागणार, नाहीतर बाहेरचं यंत्र याला जोडावं लागणार. "बाहीरचं काई याले लावाचं नाई, असं त्यानंच सांगतलं," ते म्हणाले. रवीच्या नियमात मी बदल सुचवतो आहे असा त्यांचा चेहरा झाला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

दुसरी गोष्ट अँटिव्हायरसची. त्याची मुदत संपली होती. रोज सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर चौकट येई: रवी नामदेव इंगळे यांच्या नावे नोंदणी, मुदत संपलेली आहे, नूतनीकरण करा. नूतनीकरणाला रवीचा पासवर्ड लागत होता. तो कोणालाही सांगायचा नाही, हा नियम रवीने स्वतःही पाळला होता. नवा अँटिव्हायरस घ्यायला काही अडचण नव्हती. पण तो घातला की जुना काढावा लागणार, आणि ती चौकटही जाणार.

"मंग त्याचं नाव नाई येणार सकाळी," काकाजी म्हणाले. ते "नंतर आठवण करा" हे बटण दाबत, आणि दुसऱ्या दिवशी संगणक त्यांना आठवण करी.

हिवाळ्यात एका दुपारी मी बातमी पाठवायला गेलो तर काकाजींनी उठून जागा दिली नाही. पडद्याकडे बोट केलं. आलेल्या ई-मेलांच्या यादीत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, न उघडलेला एक ई-मेल होता. पाठवणारा रवी इंगळे. सोबत एक फाईल.

मी कार्यालयाला फोन केला. संगणक विभागातल्या त्याच तरुणाने समजावून सांगितलं. रवीच्या ओळखीतल्या कोणाच्या तरी संगणकाला व्हायरस लागला असणार. त्या संगणकात रवीचं नाव आणि पत्ता अजून आहे. व्हायरस तिथली नावं उचलतो आणि त्या नावांनी स्वतःच्या प्रती पाठवतो. माणूस आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. उघडू नका, काढून टाका. मी हे सगळं काकाजींना सांगितलं.

"मालूम हाय," ते म्हणाले. "मले सांगतलं होतं त्यानं. ओळखीच्या नावानंच येते म्हणून."

"मग काढून टाका."

त्यांनी काही केलं नाही. माझी बातमी गेली, तार खिळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशीही ई-मेल तिथेच होता, तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत त्यांनी इंदूबाईंना दुकानात येऊ दिलं नाही. मशीन दुरुस्तीला काढली आहे, असं सांगितलं. उघडत नव्हते आणि काढूनही टाकत नव्हते. एका दुपारी ते पाटीखाली उभे होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इचारा म्हणते. कोणाले इचारू, सांगा बरं?"

त्यांनी विचारलं होतं. हे नंतर कळलं. रवीचा आखातातला मोबाईल नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांनी फिरवला. घंटी वाजली. पलीकडून एका माणसाने हिंदीत विचारलं, कोण पाहिजे. नंबर दुसऱ्या कोणाला मिळालेला होता. काकाजींनी काही न बोलता फोन ठेवला. आयुष्यभर लाइनी जोडलेल्या माणसाने न बोलता फोन ठेवल्याची ही पहिलीच वेळ असावी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाईल उघडली.

मी दुपारी गेलो तेव्हा तार खिळ्यावर होती आणि काकाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी क्रमाने सांगितलं. फाईल उघडली, तर आत काही दिसलं नाही. क्षणभर वाटलं, बरं झालं. मग सकाळच्या ई-मेलसाठी जोडलेल्या तारेच्या पेटीवरचे, मोडेमचे, दिवे आपोआप लुकलुकू लागले. आपण काहीच पाठवत नसताना लाइनीवर कोणीतरी बोलतंय, हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी तार उपटली. पण तोवर उशीर झाला होता. "दाढ" उघडून पाहिलं. "पगार" उघडून पाहिलं. फाईलींची नावं जागच्या जागी होती. आत काहीच नव्हतं. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ई-मेल एकदा संगणकात उतरला की इंटरनेट कंपनीकडे त्याची प्रत उरत नसे. रवीचे मूळ ई-मेल आणि त्याने पाठवलेले फोटोही गेले होते.

"पण तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव. मालूम होतं." मग म्हणाले, "शंभर टक्के मालूम होतं. पण साहेब, नाव त्याचं होतं. त्याच्या नावानं आलेलं मी कसं पुसू?"

मग ते उठले आणि टेलिफोनजवळ बसले. त्यांच्या संगणकातून आता त्यांच्याच नावाने तो व्हायरस सगळ्या ओळखीच्यांकडे गेला असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेकाला फोन लावला. बुलढाणा, खामगाव, अकोला, नाशिक. वाक्य तेच. "नामदेव इंगळे बोलतो, मलकापूरवरून. माह्या नावानं काई आलं तं उघडू नका. म्या नाई पाठवलं."

नाशिकला किराणावाल्याच्या व्याह्यांकडे फोन लागला तेव्हा जावयाचा थोरला भाऊच बोलत होता. त्याचा आवाज टेलिफोनबाहेर ऐकू येत होता.

"काकाजी, तुम्ही? तुम्ही उघडली?"

"हाव."

"आणि विचारलं नाही?"

"इचारलं ना," काकाजी म्हणाले. "फोन दुसऱ्यानं उचलला."

आणि त्यांनी पुढचा नंबर फिरवायला घेतला.

अकोल्याहून संगणक दुरुस्त करणारा आला. सगळं पुसून नव्याने भरलं तर मशीन पहिल्यासारखी चालेल, असं त्याने सांगितलं. काकाजींनी विचारलं, फाईलींची नावं राहतील का. तो म्हणाला, काहीच राहणार नाही. काकाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. गिऱ्हाइकं बंद केली. रोग लागलेली मशीन पुन्हा लाइनीला जोडली तर ती दुसऱ्याच्या घरात शिरेल, हे त्यांना नको होतं. पाटी उतरवून आतल्या बाजूला भिंतीशी उभी केली, लिखाण भिंतीकडे करून. माझी बदली त्याच सुमारास बुलढाण्याला झाली.

नंतर मलकापूरला जाणं झालं ते बाजार समितीच्या निवडणुकीच्या बातमीसाठी. उन्हाळा होता. स्टेशन रोडवर सरकीचा वास आणि ट्रकांची रांग. दुकानाचं एक दार लोटलेलं, एक उघडं होतं. बाहेर दोन चपलांचे जोड. मी पायरीखालीच थांबलो.

काकाजी संगणकापुढे बसले होते. शेजारच्या स्टुलावर इंदूबाई. तार खिळ्यावर होती, तिच्यावर धूळ चढली होती. पडद्यावर "दाढ" ही फाईल उघडलेली होती. वरच्या पट्टीवर नाव होतं आणि खाली पडद्याच्या टोकापर्यंत पांढरं कोरं पान. काकाजी चष्मा लावून, त्या कोऱ्या पानावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवत, वाचत होते.

"बाबा, परवा दाढ काढली. डॉक्टरीण बाई होती. दुखलं नाही, आईला सांगा. तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं..."

"असं नाई," इंदूबाई म्हणाल्या. त्यांचीही नजर पडद्यावर होती. "आधी उन्हाचं हाय. दाढ मंग."

काकाजी थांबले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मान पुढे करून पडद्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "बराबर. वर हाय उन्हाचं."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.